डब्ल्यूडब्ल्यूएफचे मल्ल एवढे मोडले कशाने?

प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकन टीव्ही-कुस्तीतल्या मल्लांची ट्रम्प कार्डं खेळत वाढलेल्या पिढीला अंडरटेकर, स्टोन कोल्ड, शॉन मायकल्स, ब्रेट हार्ट तोंडपाठ होते. पुढे कळलं की हे सगळं ठरवून चालतं. मग इतक्यांच्या माना आणि गुडघे गेले कसे? इतके जण चाळिशीच्या आसपासच वारले कसे? आणि आता घरातली मुलं गादीवर तेच डाव करतात, त्यांना नेमकं काय करू द्यायचं नाही?

ठरलेला असतो तो निकाल. कोण जिंकणार, शेवटचा डाव कोणता, लढत साधारण किती मिनिटांची, एवढं आधी पक्कं असतं. सव्वाशे किलोचा माणूस दीड मीटरवरून पाठीवर आदळतो तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे वीस किलोमीटर असतो, आणि त्यात कुणालाच काही ठरवता येत नाही. तो वेग शरीराच्या कुठल्या भागावर आणि किती जागेत थांबवायचा, एवढंच हातात राहतं. ही सगळी विद्या त्यासाठीच आहे.

आखाडा पाहिलेल्या माणसाला हे आधी उलटं वाटतं. मातीत पाठ लागली की चितपट, म्हणून पैलवानाचं सगळं कसब पाठ लागू न देण्यात असतं. उचलला गेला तरी तो हवेत वळून पोटावर पडायला बघतो. रिंगमध्ये समोरच्याने उचललं की आपणच हलकी उडी मारून त्याला साथ द्यायची आणि पाठ सपाट टेकवायची. अंग आखडून विरोध केला तर दोघंही जायबंदी होतात. दुसरा फरक जमिनीचा. लाल मातीत तेल, ताक, हळद, लिंबू घालून ती रोज खोरून भुसभुशीत करतात. रिंग खोरता येत नाही.

डब्ल्यूडब्ल्यूईची (डब्ल्यूडब्ल्यूएफचंच आजचं नाव) रिंग २० बाय २० फुटांची. खाली पोलादी तुळया, त्यावर लाकडी फळ्या, फळ्यांवर जेमतेम इंचभर फोम आणि वर ताणून बांधलेलं कॅनव्हास. टीव्हीवर ऐकू येणारा ‘धडाम’ हा फळ्यांचा आवाज, आणि तो मोठा यावा म्हणून रिंगखाली माइकही लावतात. आवाज मोठा म्हणून मार मोठा असं मात्र नाही. फळ्या लवतात, तेवढा धक्का त्या खातात. खरी कठीण जागा म्हणजे दोरांच्या बाहेरची कड, तिथे कॅनव्हासच्या खाली थेट तुळई असते. त्या कडेवर पाठ आपटण्याचे डाव गेल्या पंधरा-वीस वर्षांत फार वाढले, आणि ते पाहताना जाणकार तोंड वाकडं करतात. दोर खरे असतात, टेपने गुंडाळलेले. त्यांच्यावर धावत जाऊन उलटं फिरायला शिकताना काखेपासून बरगडीपर्यंत पहिले काही आठवडे काळेनिळे वळ उठलेले असतात. डब्ल्यूसीडब्ल्यू या जुन्या प्रतिस्पर्धी कंपनीत तर दोरांऐवजी रबरी नळीत घातलेली पोलादी तार असे.

नवशिक्याला पहिला धडा मिळतो तो पाठीवर पडण्याचा. याला बंप म्हणतात. सुरुवात उकिडवं बसून, मग उभं राहून आणि शेवटी दुसऱ्याच्या हातून. हनुवटी छातीला घट्ट लावायची, दात मिटलेले, जीभ आत. पडताना श्वास सोडायचा. हात शरीरापासून साधारण ४५ अंशांत पसरून तळवे खाली ठेवायचे आणि पाठीबरोबर एकाच क्षणी आपटायचे. वजन खांद्याच्या पात्यांवर घ्यायचं, कंबरेवर नाही. हे सगळं एका क्षणात आणि दरवेळी.

चुका ठरलेल्या असतात. घाबरून हात मागे टेकवला की मनगट किंवा कोपर जातं. आधी बूड टेकलं की माकडहाड आणि कंबरेच्या चकत्यांवर सगळा भार येतो. हनुवटी सुटली की डोक्याची मागची बाजू आपटते, आणि हीच सगळ्यात वाईट. दमलेल्या माणसाची मान आधी सुटते, म्हणून लांबलेल्या लढतीच्या शेवटच्या मिनिटांत अपघात होण्याची भीती जास्त.

आता हिशेब करा. एका लढतीत आठ-दहा बंप, वर्षाला दोनशे लढती, म्हणजे सोळाशे ते दोन हजार आपट्या. ऐंशी-नव्वदच्या दशकांत मोठ्या कंपन्यांतल्या मल्लांना दोनशे रात्रीसुद्धा कमीच वाटल्या असत्या. मधे शेकडो किलोमीटर गाडी चालवत पुढचं गाव, दुखऱ्या कंबरेने. एकेक बंप बरोबर घेतला तरी तो मुका मार असतो. त्याची भरपाई झोपेत व्हायची, आणि झोपच नव्हती.

आवडत्या मल्लांची आठवण काढताना एक खेळ करून बघा. त्याचा हुकमी डाव आठवा आणि विचारा, यात वजन कुणाच्या कुठल्या हाडावर आलं? बऱ्याचदा उत्तर डाव मारणाऱ्याकडेच जातं.

हल्क होगनचा लेग ड्रॉप घ्या. दिसायला किती साधा. दोरावरून धावत यायचं, उडी मारायची आणि पाय समोरच्याच्या गळ्यावर टाकायचा. समोरच्याला जवळजवळ काहीच लागत नाही. होगन मात्र दर रात्री सव्वाशे-दीडशे किलो घेऊन बुडावर बसत होता. पाठ, खुबे, गुडघे, त्याच्या शस्त्रक्रियांची रांग लागली, आणि पुढे मुलाखतींत त्याने स्वतःच या डावाला दोष दिला. २०२५ च्या जुलैत, ७१ व्या वर्षी तो गेला.

अंडरटेकरचा टोम्बस्टोन बघा. समोरच्याला उलटं धरून गुडघ्यांवर बसायचं. नीट केला तर उलट्या माणसाचं डोकं मांड्यांच्या मधे, जमिनीपासून वर राहतं. मग दोघांचं मिळून सव्वादोनशे-अडीचशे किलो कुठे गेलं? अंडरटेकरच्या गुडघ्यांच्या दोन वाट्यांवर. तीस वर्षं. शेवटच्या काळात तो रिंगकडे इतका सावकाश का चालत येतो याची चेष्टा करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. अर्थात सावकाश चालणं हा त्याच्या भूमिकेचा भाग होताच, आणि उतारवयात तोच उपयोगी पडला.

इथे एका जुन्या अफवेचा उलगडा करायलाच हवा. ‘खरा अंडरटेकर मेला, हा दुसरा’ हे आपल्याकडे शाळाशाळांतून शपथेवर सांगितलं जायचं. जानेवारी १९९४ मध्ये योकोझुनाबरोबरच्या शवपेटीच्या लढतीत त्याला पेटीत घालून ‘संपवला’, कारण दुखावलेल्या पाठीला विश्रांती हवी होती. ऑगस्टमध्ये तो परतला तो आपल्याच तोतयाशी लढायला. हा तोतया म्हणजे ब्रायन ली, आणि १९९६ च्या अक्षय कुमारच्या चित्रपटात अंडरटेकर म्हणून दिसला तोही हाच. दुखापतीची रजा कथेत विणायची ही जुनी रीत आहे. आवडता मल्ल ‘हल्ला होऊन’ अचानक गायब झाला की निम्म्या वेळा पडद्यामागे शस्त्रक्रियेची तारीख ठरलेली असते.

वरच्या दोरावरून सूर मारून कपाळ आपटण्याचा डाव डायनामाइट किडने गाजवला. मारणाऱ्याची छाती, पोट, गुडघे थेट फळ्यांवर येतात आणि मानेला झटका बसतो. त्याची पाठ १९८६ मध्येच गेली, पुढे चाकाच्या खुर्चीत दिवस काढले आणि २०१८ मध्ये साठाव्या वाढदिवशी तो वारला. त्याचंच बघून क्रिस बेन्वाने तो डाव उचलला. त्याच्याबद्दल पुढे.

शॉन मायकल्सची पाठ मात्र कुठल्या डावाने गेली नाही. जानेवारी १९९८ च्या रॉयल रम्बल या कार्यक्रमात, अशाच शवपेटीच्या लढतीत, दोरावरून बाहेर पडताना त्याच्या कंबरेला शवपेटीची कड लागली. दिसायला किरकोळ. पाठकण्याच्या दोन चकत्या सरकल्या, एक चिरडली, आणि तो चार वर्षांहून अधिक काळ बाहेर राहिला. सपाट जागेवर पडलं की भार हातभर पसरतो. कडेवर पडलं की तोच भार दोन बोटांच्या रेषेत येतो.

गुडघ्यांच्या वरचा, मांडीचा मोठा स्नायू कसा फाटतो ते ट्रिपल एचने मे २००१ मध्ये दाखवलं. जोरात धावत येऊन पाय रोवला, बस्स. समोरच्याने हातही लावला नव्हता. तशाच पायाने त्याने लढत पूर्ण केली, आणि टेबलावर पालथं पडून दोन्ही पाय मागे ओढूनही घेतले. मैदानात परतायला जानेवारी २००२ उजाडला. डब्ल्यूसीडब्ल्यूत सिड व्हिशसने जानेवारी २००१ मध्ये दुसऱ्या दोरावरून उडी मारून लाथ घालायचा प्रयत्न केला. एवढा अवाढव्य माणूस एकाच पायावर तिरका उतरला आणि नडगी जागच्या जागी मोडली. ज्याला जी उडी सवयीची नाही, ती त्याने ऐनवेळी करू नये, हा नियम तिथे मोडला गेला होता.

मानेकडे मात्र थांबून बघायला हवं, कारण कारकिर्दी संपतात त्या बहुतेक तिथेच.

मानेत सात मणके, मधे चकत्या, आणि त्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू जातो. वर्षानुवर्षं झटके बसले की चकत्या फुगतात, मणक्यांना काटे फुटतात आणि ती पोकळी अरुंद होते. निरोगी मानेत रज्जूभोवती थोडी मोकळी जागा असते, धक्का बसला तर तो हलू शकतो. अरुंद पोकळीत तोच धक्का रज्जूला थेट चिमटा काढतो. पहिली खूण म्हणजे हातात वीज गेल्यासारखी झिणझिणी. ती काही सेकंदांत जाते, म्हणून मल्ल ती सांगत नाहीत. एका हातात आली तर बहुधा नस दबलेली असते. दोन्ही हातांत किंवा हातापायांत एकदम आली तर रज्जूचा प्रश्न आहे असं धरून त्याच क्षणी थांबायचं असतं.

३ ऑगस्ट १९९७, समरस्लॅम हा मोठा कार्यक्रम. ओवेन हार्टने स्टोन कोल्ड स्टीव्ह ऑस्टिनला उलटं उचललं. गुडघ्यांवर उतरला असता तर ऑस्टिनचं डोकं वर राहिलं असतं. ओवेन बुडावर बसला. ऑस्टिनचं डोकं मांड्यांच्या खाली काही इंच लोंबत होतं, तेवढ्यावर सगळं वजन आलं. थोडा वेळ हातपाय लुळे. ठरलेला निकाल ऑस्टिनच्या बाजूचा होता, म्हणून ओवेन वेळ काढत राहिला आणि ऑस्टिनने कसंबसं सरपटत जाऊन त्याला गुंडाळलं. ते गुंडाळणं पुन्हा बघा, इतका ढिला विजय दुसरा नसेल. त्यानंतरची त्याची सगळी प्रसिद्ध वर्षं त्या मानेवर निघाली. म्हणूनच तो पुढे ठोसे, लाथा आणि गर्दीतल्या हाणामारीवर जास्त भर देताना दिसतो. जानेवारी २००० मध्ये मणके जोडण्याची शस्त्रक्रिया झाली आणि मार्च २००३ मध्ये, ३८ व्या वर्षी, नियमित लढती संपल्या.

मणके जोडल्यावर मान ‘नवी’ होते असा समज आहे. गळ्याच्या पुढून छेद घेऊन खराब चकती काढतात, तिथे हाड बसवतात, पट्टीने आवळतात. जोडलेला सांधा हलत नाही, म्हणून त्याच्या वरचा आणि खालचा सांधा जास्त हलतो आणि काही वर्षांत तो झिजायला लागतो. एज हा मल्ल २०११ मध्ये पोकळी अरुंद झाल्यामुळे निवृत्त झाला तेव्हा त्याच्या मानेची आधीच शस्त्रक्रिया झालेली होती. २०२० मध्ये तो परतला खरा, पण असा परतलेला प्रत्येक जण आपल्या बंपांची निवड बदलूनच परततो. पाठ सपाट, उंची कमी, डोकं खाली जाणारे डाव जवळपास बंद.

उचलणाऱ्याची पकड सुटणं हे दुसरं कारण. ऑक्टोबर १९९९ मध्ये डी’लो ब्राऊन ड्रॉझला पॉवरबॉम्ब (खांद्यापर्यंत उचलून पाठीवर आपटायचा डाव) मारत असताना पकड नीट बसली नाही आणि ड्रॉझ डोक्यावर आला. मान मोडली, पुढचं आयुष्य चाकाच्या खुर्चीत गेलं. पॉवरबॉम्बमध्ये वर गेलेल्या माणसाला स्वतःला सावरता येत नाही, सगळा भरवसा खालच्याच्या हातांवर. बिग ई या मल्लाला मार्च २०२२ मध्ये रिंगबाहेर, पातळ चटईवर मागे फेकलं. हवेतली गिरकी पूर्ण झाली नाही आणि तो टाळूवर उतरला. पहिला आणि सहावा मणका मोडला, रज्जू वाचला. जपानमध्ये मित्सुहारू मिसावा १३ जून २००९ ला हिरोशिमात एका साध्या बॅक सुप्लेक्सनंतर (मागून कवळून उचलून पाठीमागे टाकायचा डाव) उठलाच नाही. तो डाव त्याने हजारदा घेतला असेल. त्याच्या पिढीच्या जपानी लढती जगात सर्वोत्तम म्हणून मी कुणालाही दाखवेन, पण डोक्यावर टाकायचे ते सुप्लेक्स आज डोळे किलकिले करूनच बघवतात.

सगळ्यांना आठवणारी उडी म्हणजे मिक फोलीची, २८ जून १९९८, पिट्सबर्ग. अंडरटेकरने त्याला रिंगभोवतीच्या सोळा फुटी पिंजऱ्याच्या छतावरून समालोचकांच्या टेबलावर फेकलं. टेबलाला लागताना वेग ताशी पस्तीस किलोमीटरच्या आसपास. वाचला, कारण टेबल मोडलं. टेबलाची अडीच फूट उंची म्हणजे तेवढं अंतर थांबायला मिळालं. दुसरी आपटी जास्त वाईट होती. छताची जाळी अचानक निखळली, हे ठरलेलं नव्हतं. तो सरळ रिंगमध्ये आला आणि मागून आलेली खुर्ची तोंडावर बसली. पाच सेंटिमीटर लवणाऱ्या फळ्या आणि कोसळणारं टेबल यांच्यातला फरक एवढाच. ओवेन हार्टचा २३ मे १९९९ चा कॅन्सस सिटीतला मृत्यू मात्र कुस्तीचा नाही. चटकन सुटणाऱ्या कडीला लटकून तो छतावरून उतरवला जात होता. ती सुटली आणि तो ७८ फुटांवरून पडला. अशा कामात एक कडी कधीच पुरत नाही, दुसरी स्वतंत्र कडी हवीच.

डोक्याचं दुखणं दिसत नाही. मेंदू कवटीत द्रवात तरंगतो, त्यामुळे डोकं न आपटताही नुसत्या झटक्याने तो हादरतो. ब्रेट हार्टला डिसेंबर १९९९ मध्ये गोल्डबर्गची लाथ डोक्यात लागली. तो त्यानंतरही लढत राहिला आणि पुढच्या वर्षी कारकीर्द संपली. पहिल्या हादऱ्यातून मेंदू सावरण्याआधी दुसरा बसला की नुकसान कैकपटीने वाढतं, लढत राहणं हीच चूक. २०१४ च्या रेसलमेनिया या वार्षिक कार्यक्रमात ब्रॉक लेस्नरने अंडरटेकरची तिथली २१ विजयांची मालिका तोडली, त्या लढतीत अंडरटेकरला असाच हादरा बसला होता.

बेन्वाने जून २००७ मध्ये पत्नीला आणि सात वर्षांच्या मुलाला मारून आत्महत्या केली. नंतर तपासलेल्या त्याच्या मेंदूत वारंवार हादऱ्यांनी होणाऱ्या झिजेच्या खुणा सापडल्या. हे निदान मृत्यूनंतरच पक्कं होतं. कृत्याचं सगळं कारण मेंदूवर ढकलता येत नाही, पण डोक्यात थेट खुर्ची मारण्यावर २०१० मध्ये बंदी आली ती याच काळात. जुन्या लढती बघताना खुर्ची येते तेव्हा मल्लाचे हात बघा. हात आधी वर गेले तर मार हातांवर. हात खालीच राहिले तर तो मार खरा.

लवकर झालेल्या मृत्यूंचं मूळ रिंगपेक्षा हॉटेलच्या खोलीत जास्त सापडतं. ब्रायन पिलमन ३५ (१९९७), योकोझुना ३४ (२०००), ब्रिटिश बुलडॉग ३९ (२००२), एडी गरेरो ३८ (२००५). बहुतेकांत शेवट हृदयावर. साखळी अशी चालते. मुका मार घेऊन उद्याची लढत करायची म्हणून वेदनाशामक आणि स्नायू सैल करणाऱ्या गोळ्या. त्यांनी आलेली सुस्ती घालवायला उत्तेजक. कार्डावरचा दंड आणि छाती टिकवायला स्टेरॉइड, ज्याने हृदयाची भिंत जाड होते आणि कोलेस्टेरॉल बिघडतं. वर दारू. त्यात मल्ल कंपनीचे नोकर नसून कंत्राटदार गणले जातात, त्यामुळे रजेवर गेलं तर जागा जाण्याची भीती. १९८६ मध्ये जेसी व्हेंच्युरा या मल्लाने संघटना बांधायचा प्रयत्न केला, तो होगननेच मालकाच्या कानावर घातला. एडी गेल्यावर, फेब्रुवारी २००६ मध्ये, हृदयतपासणी आणि औषधचाचणीचा कार्यक्रम सुरू झाला. त्याआधीची पिढी त्याविनाच गेली.

खली, म्हणजे दलीप सिंग राणा, आणि आंद्रे द जायंट यांची गोष्ट वेगळी. त्यांचा आकार हाच आजार होता. मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीचं संप्रेरक जास्त झालं की हाडं वाढतात, पण सांधे आणि हृदय त्या मापाने टिकत नाहीत. आंद्रे ४६ व्या वर्षी गेला. खलीच्या त्या ग्रंथीवरची गाठ २०१२ मध्ये काढली. त्याच्या संथ हालचालींना हसण्याआधी हे माहीत असावं.

मुलांचं. गादीवर ढकलाढकली, पकड, गडबडून लोळणं चालू द्या. चार गोष्टी ठामपणे बंद: कुणालाही उलटं उचलायचं नाही, गळा आवळायचा नाही, पलंगावरून किंवा कपाटावरून दुसऱ्याच्या अंगावर उडी नाही, आणि खुर्ची हातात नाही. ‘गादी आहे ना’ हे उत्तर चालत नाही. मऊ गादीत डोकं रुततं आणि अंग पुढे जात राहतं, मान तिथेच वाकते. सपाट पाठीला गादी वाचवते, उलट्या डोक्याला नाही.

डोक्याला मार लागून मूल गोंधळलं, उलटी झाली, तेच तेच विचारू लागलं, प्रकाश टोचू लागला किंवा पेंगुळलं तर लगेच डॉक्टरकडे. ‘थोडं झोपू दे, बरं वाटेल’ नको. डॉक्टरांनी घरी पाठवल्यावर एक-दोन दिवस हलकी विश्रांती, मग चालणं, मग धावणं, मग एकट्याने खेळ. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस, आणि त्रास परतला तर एक पायरी मागे. अंगाला अंग लागणारा खेळ शेवटी, तोही डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच.

आणि कुणी मानेवर पडून ‘हात कळत नाहीत’ म्हणालं तर त्याला उठवून बसवू नका, पाणी पाजू नका, मान चोळू नका. आहे तसंच पडू द्या, दोन्ही हातांनी डोकं स्थिर धरा, दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. रिंगमध्ये पंच दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुलीची खूण करतो ती याचसाठी असते. ती दिसली की कथा थांबली आणि डॉक्टर धावत येतायत असं समजा.